एक ‘पासून’, दोन वाटा

पहाटे 5.30

चहाचं आधण ठेवते आणि काल रात्री उरलेल्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढते. प्रथम वर्ष कला शाखेच्या मुलांनी स्वतःबद्दल दहा-दहा वाक्यं लिहून आणली आहेत. पहिल्याच वहीत वाक्य भेटतं : ‘आय ॲम लिव्हिंग इन निघोज सिन्स एटीन इयर्स.’ दुसऱ्या वहीत निघोजच्या जागी टाकळी ढोकेश्वर येतं, वाक्य तेच. तिसरीत अळकुटी. चहा गाळेपर्यंत सहा वह्या होतात आणि त्यातल्या चार वह्यांत हीच चूक असते.

वेगवेगळ्या गावांतली, वेगवेगळ्या शाळांतून आलेली मुलं एकसारखी चूक करतात, तेव्हा ती निष्काळजीपणाची नसते. तिच्यामागे नियम असतो, आणि इथे तो मराठीचा आहे. ‘मी अठरा वर्षांपासून निघोजला राहतो’ आणि ‘मी जूनपासून कॉलेजला येतो’, दोन्ही ठिकाणी आपल्याला एकच ‘पासून’ पुरतो. क्रियापदाचंही साध्या वर्तमानकाळात भागतं. इंग्रजीत मात्र इथे दोन वाटा फुटतात. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ गेला ते सांगायचं तर ‘फॉर’. शिवाय गोष्ट मागे सुरू होऊन आजवर चालत आली आहे, म्हणून क्रियापदाला ‘हॅव’ची जोड लागते. मुलांनी अचूक मराठी वाक्य जसंच्या तसं पलीकडे नेलं आहे.

लाल पेन मी या वह्यांवर चालवत नाही. ‘सिन्स’खाली पेन्सिलीची एक रेघ मारते. या आठवड्यात हीच एक चूक धरायची. स्पेलिंग, विरामचिन्हं यांची पाळी पुढे येईल. वह्या कशा तपासाव्यात यावर जगभरच्या शिक्षकांत मोठा वाद झालेला आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 साली लिहिलं, की विद्यार्थ्यांच्या लेखनातलं व्याकरण दुरुस्त करत बसणं सोडूनच द्यावं, त्याने सुधारणा होत नाही. डाना फेरिस यांनी 1999 साली त्यांना उत्तर दिलं, की दुरुस्ती निवडक आणि स्पष्ट असेल तर ती टाकून देण्याचं कारण नाही. पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी शिकवताना मला फेरिस यांचं म्हणणं पटत गेलं. सतरा ठिकाणी लाल झालेली वही मूल मिटून ठेवतं. एका रेघेची वही उघडून विचारतं, ‘मॅडम, इथं काय चुकलं?’

सकाळी 7.30

स्टँडवर गाड्या लागायला लागल्या आहेत. सुपा, भाळवणी, निघोज, कान्हूर पठार, चारी दिशांनी मुलं येतात. ऑगस्टचा शेवट आहे, मुगाच्या शेंगा तोडायला आल्या आहेत, त्यामुळे वर्ग थोडा विरळ असणार. हा तालुका पर्जन्यछायेतला. इथल्या कितीतरी घरांतलं एक माणूस मुंबईला असतं. त्यामुळे इंग्रजी ही इथे हौसेची गोष्ट नाही. ती आली तर मुलाखतीच्या खोलीत बसता येतं, नाही आली तर दारातूनच परत फिरावं लागतं, हे मुलांना माझ्याइतकंच ठाऊक आहे.

याच पारनेरात 1880 साली जन्मलेले पांडुरंग महादेव बापट शिष्यवृत्ती मिळवून विलायतेला गेले. पुढे मुळशीच्या सत्याग्रहाने ते सेनापती झाले, आणि अरविंदांचा इंग्रजीतला तत्त्वज्ञानाचा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. इंग्रजी शिकून मराठीचं घर भरणाऱ्या माणसाचं हे गाव आहे. आमचं विद्यापीठ सावित्रीबाईंच्या नावाचं आहे, आणि सावित्रीबाईंनीही आपल्या कवितांतून इंग्रजी शिका असं कळकळीने सांगितलं होतं. वर्गात शिरताना हे दोन्ही माझ्या मनात असतं.

सकाळी 8.15

प्रथम वर्ष, सक्तीचं इंग्रजी. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे समोरची मुलं बारा वर्षं इंग्रजी शिकून आली आहेत. काळांचे तक्ते त्यांना पाठ आहेत. ‘प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस’ म्हटलं की रचना धडाधड येते. तोंडातून मात्र ती रचना बाहेर पडत नाही. नियम माहीत असणं आणि बोलताना तो हाताशी येणं यांतलं अंतर हाच आमचा रोजचा विषय.

फळ्यावर नियम लिहीत नाही. कागदाच्या चिठ्ठ्या वाटते. एकेकीवर एकेक शब्द : जून, दोन तास, दहावी, तीन पावसाळे, सोमवार, लहानपण, पाच वर्षं, आज सकाळ. मुलांनी दोन गट पाडायचे. ते कसे, हे मी सांगत नाही. ‘मराठीतच विचार करा’ एवढंच सांगते.

पाचेक मिनिटं गलका होतो. मग मागच्या बाकावरची कान्हूर पठारची एक मुलगी उठते.

‘मॅडम, काही चिठ्ठ्यांपुढं “झाली” लागतंय. दोन तास झाले, पाच वर्षं झाली, तीन पावसाळे झाले. पण “मला इथं येऊन जून झाला” असं कुणी म्हणत नाही.’

‘मग “झाले” लागणाऱ्या एकीकडे कर, न लागणाऱ्या दुसरीकडे.’

गट पडतात. पहिल्या गटावर मी ‘फॉर’ लिहिते, दुसऱ्यावर ‘सिन्स’. वर्ग शांत होतो. कसोटी त्यांच्याच भाषेत होती, बोट ठेवायचं तेवढं राहिलं होतं.

मग एक पाऊल पुढे. ‘मला इथे येऊन दोन वर्षं झाली’ या वाक्यात काय घडतं ते विचारते. येणं मागे झालं, काळ साठत आला आणि बोलणारा आज इथेच उभा आहे. ‘आय हॅव बीन हिअर फॉर टू इयर्स’ हेच सांगतं. बारा वर्षं ज्या रचनेचं नाव घोकलं, तिचा अर्थ आपल्या घरात रोज बोलला जातो हे मुलांना आज कळतं. आता प्रत्येकाने स्वतःचं खरं वाक्य करायचं. मुगाच्या रानातून थेट वर्गात आलेला मुलगा म्हणतो, ‘आय हॅव बीन प्लकिंग मूग फॉर थ्री डेज.’ त्याचं वाक्य फळ्यावर जातं.

सकाळी 9.30

ग्रंथालयात अर्धा तास मिळतो. कपाटात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे भाग आहेत आणि शेजारी रेन आणि मार्टिन. आपल्या आजोबांच्या पिढीचं इंग्रजी या दोन पुस्तकांवर उभं राहिलं. पाठमालेची रीत भाषांतराची : नियम समजून घ्या, मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. रेन हे मुंबई प्रांताच्या शिक्षण खात्यात काम केलेले इंग्रज गृहस्थ; त्यांचं व्याकरण आधी भारतातल्या इंग्रज मुलांसाठी होतं, पुढे ते देशभरच्या शाळांत गेलं.

भाषांतराच्या पद्धतीवर पुढे टीका झाली आणि ती खरीही होती. त्या रीतीने शिकलेला माणूस उत्तम पत्र लिही, पण समोर कुणी इंग्रजीत बोललं की अडखळे. टीका करणाऱ्यांनी मात्र वर्गातून मराठीच काढून टाकली, आणि त्यात एक मोलाची गोष्ट गेली. पाठमालेत दोन्ही भाषा शेजारी बसत. दोघींचं कुठे जुळतं आणि कुठे जुळत नाही ते मुलाला डोळ्यांनी दिसे. चिठ्ठ्यांचा खेळ मी याच कपाटाकडून शिकले. फरक एवढाच, की शोध मुलांनी लावायचा आणि शेवटी वाक्य बोलायचं.

सकाळी 10.15

विज्ञानाचा वर्ग. यांना प्रयोगवही लिहायची असते, म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस आला. शाळेत त्यांनी ‘राम ईट्स अ मँगो’चं ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ शेकडो वेळा केलं आहे. असं वाक्य कुणी का बोलावं, हे मात्र विचारलेलं नाही.

मी त्यांना दाराबाहेरच्या सूचनाफलकाजवळ नेते. ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की...’ कोण कळवतं? लिहिलेलं नाही. का नाही? कारण कळवणारा महत्त्वाचा नाही, सूचना महत्त्वाची आहे. परत येऊन प्रयोगवही उघडतो. द्रावण तापवलं, कोणी तापवलं याने निकाल बदलत नाही. म्हणून ‘द सोल्युशन वॉज हीटेड’. ‘बाय मी’ जोडायचं कारणच उरत नाही. कर्ता कधी झाकायचा आणि कधी पुढे आणायचा हे कळलं, की रूप फार वेळ अडत नाही. डायन लार्सन-फ्रीमन सांगतात, की व्याकरणाच्या प्रत्येक गोष्टीला तीन अंगं असतात : रूप, अर्थ आणि वापर. आपल्या वर्गांत पहिल्यावर सगळा वेळ जातो आणि तिसऱ्याची वेळच येत नाही.

दुपारी 12

स्टाफरूम. मराठी शिकवणारे सर शेजारी बसतात आणि त्यांच्याशी रोज थोडा वेळ हाच विषय चालतो. आज मी माझी अडचण मांडते. मुलं मराठीच्या तासाला कर्मणी प्रयोग शिकून येतात आणि ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ असं मनात धरतात. मग ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य दिलं, की त्याचं इंग्रजी पॅसिव्हमध्ये करून ठेवतात.

सर म्हणतात, ‘मॅडम, गोंधळ नावाचा आहे. आमचा प्रयोग क्रियापद कोणामागे चालतं यावर ठरतो. “आंबा खाल्ला”, “पोळी खाल्ली”. क्रियापद कर्मामागे गेलं म्हणून कर्मणी. पण वाक्य रामाबद्दलच आहे.’

तेच मला हवं असतं. इंग्रजीत ते सरळ ‘राम एट अ मँगो’ होतं. पॅसिव्हच्या जवळ जातं ते ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’, ज्याला आपली व्याकरणं नवीन कर्मणी म्हणतात. इंग्रजीच्या वळणाने आला म्हणून तो नवीन. सर आठवण करून देतात, की दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोरही इंग्रजी व्याकरणाचा आराखडा होता. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालचं. दोन्ही भाषांच्या व्याकरणांची देवाणघेवाण अशी पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. आमचे तास मात्र एकमेकांना न विचारता चालतात. आम्ही ठरवतो : पुढच्या आठवड्यात प्रयोगाचा एक तास दोघांनी मिळून घ्यायचा.

दुपारी 1.30

डबा संपतो तोवर दोन माजी विद्यार्थी येतात. नगरला एम. ए. करतात, परीक्षेत व्याकरण शिकवण्याच्या पद्धतींवर प्रश्न आहे. एकजण विचारतो, ‘मॅडम, यांतली बरोबर पद्धत कोणती?’

मी त्यांना एन. एस. प्रभूंबद्दल सांगते. 1979 ते 1984 या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत एक धाडसी प्रयोग केला. बंगलोर प्रोजेक्ट म्हणून तो जगभर ओळखला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कामं दिली : वेळापत्रक वाचा, नकाशावरून रस्ता सांगा. अर्थाशी झटताना व्याकरण आपोआप रुजेल, असा त्यांचा विश्वास होता. आज जगात ज्याला कार्याधारित अध्यापन म्हणतात त्याचं एक मूळ आपल्या देशात आहे.

दुसऱ्या बाजूला जॉन नॉरिस आणि लूर्डेस ओर्तेगा यांनी 2000 साली 49 अभ्यास एकत्र तपासले आणि दाखवलं, की नियमाकडे उघडपणे लक्ष वेधणारं शिकवणं नुसत्या सहवासापेक्षा अधिक फळ देतं. या दोन टोकांमध्ये मायकेल लाँग यांची वाट आहे : वर्गाचं लक्ष अर्थावरच ठेवायचं, पण जिथे रूप अडतं तिथे क्षणभर थांबून त्याच्याकडे बोट दाखवायचं. आणि प्रभूंनीच 1990 साली लिहून ठेवलं, की सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते. शिक्षकाला आपण करतो ते मनापासून पटलेलं असणं, ही त्यांच्या दृष्टीने खरी गोष्ट.

‘परीक्षेत सगळ्या लिहा,’ मी म्हणते. ‘वर्गात उभे राहाल तेव्हा आधी समोरचं मूल कोणत्या भाषेत विचार करतंय ते बघा.’

दुपारी 3

द्वितीय वर्षाचा तोंडी तास. प्रभूंचीच युक्ती, पारनेरच्या मापाची. चौघा-चौघांचे गट, हातात एसटीच्या वेळांचा कागद. काम : सोमवारी सकाळी 11 वाजता पुण्यात मुलाखत आहे. शिरूरवरून जायचं की सुप्याला जाऊन गाडी पकडायची? पहिली गाडी चुकली तर काय? सगळं इंग्रजीत ठरवायचं.

गट पेटतात. एक मुलगा सांगतो, ‘इफ वी विल मिस फर्स्ट बस, वी विल नॉट...’ आणि थांबतो. शिक्षकाची सवय अशी, की आपण बरोबर वाक्य म्हणून टाकावं आणि पुढे जावं. रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी 1997 साली कॅनडातल्या वर्गांवरून दाखवलं, की शिक्षक हीच रीत सर्वांत जास्त वापरतात आणि मुलं स्वतः वाक्य सुधारतात ते याच रीतीत सर्वांत कमी. म्हणून मी वाक्य सांगत नाही. ‘“चुकली तर”, का “चुकेल तर”? आपण काय म्हणतो?’ एवढंच विचारते. तो मनात म्हणून बघतो. ‘चुकली तर. म्हणजे “विल” नको! इफ वी मिस द फर्स्ट बस...’ वाक्य त्याचं त्याने दुरुस्त केलं. ‘द’सुद्धा न सांगता आला.

शेवटची दहा मिनिटं ‘द’साठी ठेवते. मराठीत आर्टिकल नाही असं मुलं म्हणतात. मी गोष्ट सुरू करते : ‘एक विहीर होती. त्या विहिरीवर एक मोट होती. त्या मोटेला...’ पहिल्यांदा ‘एक’, दुसऱ्यांदा ‘त्या’. ओळख नसताना ‘अ’, ओळख झाल्यावर ‘द’. आर्टिकलचे सगळे वापर यात बसत नाहीत, ‘द सन’ आणि ‘द पुअर’ राहतातच. पण पहिला दरवाजा उघडतो.

संध्याकाळी 5.30

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक माजी विद्यार्थी पाळी संपवून येतो. त्याला पाळीचा अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो. गेल्या महिन्यात त्याने लिहिलं होतं, ‘द मशीन वॉज स्टॉप्ड ॲट टू.’ वरिष्ठांनी विचारलं, कोणी बंद केलं? त्याला खुलासा द्यावा लागला. खरं तर मशीन आपोआप बंद पडलं होतं.

आम्ही दोघं कागद घेऊन बसतो. मराठीत फुटणं वेगळं, फोडणं वेगळं. तुटणं-तोडणं, सुटणं-सोडणं, बंद पडणं-बंद करणं. घडलं की घडवलं, हे आपलं क्रियापदच सांगतं. इंग्रजीत ‘स्टॉप’ आणि ‘ब्रेक’ दोन्ही कामं करतात, फरक वाक्याच्या रचनेत दिसतो. ‘द मशीन स्टॉप्ड’ म्हणजे बंद पडलं. ‘द मशीन वॉज स्टॉप्ड’ म्हणजे कोणीतरी बंद केलं. तो दोन रकाने करून आपल्या कामातली बारा क्रियापदं लिहून काढतो. उठताना म्हणतो, ‘मॅडम, हे शाळेत कुणी असं सांगितलंच नव्हतं.’ त्याच्यासाठी व्याकरण म्हणजे आता दोषाचा खुलासा द्यावा लागणं किंवा न लागणं आहे.

रात्री 9

सकाळच्या वर्गाच्या नव्या वह्या. आज प्रत्येकाने ‘पासून’ची पाच वाक्यं लिहिली आहेत. सगळ्यांची बरोबर नाहीत, आणि ती व्हावीत अशी माझी अपेक्षाही नाही. ‘ही गोज’मधला ‘एस’ बघा. मराठी मूल जातो, जाते, जातात अशी कितीतरी रूपं न चुकता वापरतं, तरी इंग्रजीतला हा एकटा प्रत्यय त्याच्या बोलण्यात फार उशिरा स्थिरावतो. वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांबाबत झालेल्या अनेक अभ्यासांत हेच दिसलं आहे. व्याकरण पिकासारखं आपल्या वेळेनेच येतं. आपण रान तयार ठेवायचं.

पहाटेची, वर्गात परत दिलेली निघोजची वही पुन्हा हाती येते. पेन्सिलीच्या रेघेखाली मुलाने स्वतःच लिहिलं आहे : ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन निघोज फॉर एटीन इयर्स.’ आणि त्याखाली मराठीत, कंसात : ‘झाली लागतं.’

माझ्यासारख्या तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एवढीच विनंती आहे. मुलाची चूक खोडण्याआधी ते वाक्य एकदा मराठीत मोठ्याने म्हणून बघा. त्याने तिथपर्यंत कोणत्या वाटेने प्रवास केला ते ऐकू येईल, आणि पुढची वाट त्याला तिथूनच दाखवता येईल.